बर्फावरचें चित्रण आणि हातांतला गिंबल

गोरेगांवच्या एका एकत्र कुटुंबांतील वडीलधाऱ्यांनीं आम्हांस विचारलें आहे कीं, घरचीं दोन मुलें जानेवारींत गुलमर्ग येथें स्कीइंग शिकावयास जाणार. थोरल्यास चलच्चित्र घेण्यासाठीं कॅमेरा स्थिर राखणारें यंत्र हवें आहे. तें किती किंमतीचें घ्यावें? प्रश्न पैशाचा दिसतो, पण आमच्या मतें तो आधीं पायांचा आहे. चित्र घेणारा स्वतः बर्फावरून घसरत जाणार कीं एका जागीं उभा राहणार, हें ठरल्यावांचून दुकानाची पायरी चढूं नये.

घसरणारा शिकाऊ असेल, तर त्याच्या हातांत यंत्राचा दांडा देणें आम्हांस मुळींच मान्य नाहीं. पडतांना मनुष्य हातांतली महाग वस्तु वांचवूं पाहतो आणि मनगट मोडून घेतो. त्यानें छातीच्या पट्ट्यावर बसणारा लहान ॲक्शन कॅमेरा घ्यावा. त्यांत स्थिरीकरणाची सोय आंतच असते. प्रत्येक चित्राच्या कडा थोड्या कापून तें मागील चित्राशीं जुळवून घेतलें जातें. भरपूर उजेडांत ही युक्ति उत्तम साधते, आणि उन्हांतल्या बर्फावर उजेडास तोटा नाहीं.

आतां उभ्यानें किंवा चालत चित्र घेणाऱ्याविषयीं. मोबाइल धरणारा गिंबल पांच-सहा हजार रुपयांपासून मिळतो. मोठ्या कॅमेऱ्याचा पुष्कळ महाग व जड. घरगुती कामास पहिला पुरे. त्यांत तीन आंसांवर तीन मोटरी असतात. हात वळला, वांकला वा कलला कीं त्या तितक्याच उलट फिरतात. परंतु पाऊल टाकतांना सबंध देह वर-खालीं होतो, तो हेलकावा त्यांना आवरत नाहीं. अमेरिकेंतील गॅरेट ब्राउन यांनीं १९७५ च्या सुमारास स्टेडिकॅम तयार केला, त्यांतील स्प्रिंगांचा बाहु नेमका याचसाठीं होता. स्वस्त गिंबलांत तो बाहु नाहीं. त्याचें काम आपल्या गुडघ्यांनीं करावयाचें असतें.

म्हणून यंत्र प्रवासापूर्वीं निदान तीन आठवडे घेऊन आरे कॉलनींत न्यावें. शहरांतले म्हशींचे गोठे हलविण्यासाठीं १९४९ सालीं वसविलेल्या या वसाहतींत चढउतार विपुल आहेत, आणि तेथील एका बागेस लोक ‘छोटा काश्मीर’ म्हणतात, हा योग तर गोडच! बिबट्यांचा वावर असल्यामुळें चांगलें उजाडल्यावर जावें, तिन्हीसांजेस रेंगाळूं नये. उतारावर गुडघे किंचित् वांकवून, टाच आधीं टेकवीत चालावें. धाकट्यास सायकलवर पुढें सोडून त्याच्या रोखानें यंत्र फिरवावें. मोबाइल जाड आवरणासह चढविल्यावर तोल बसतो कीं मोटरी थरथरतात, हें पाहावें. हातमोजे घालून बटणें दाबतां येतात का, हेंही येथेंच कळतें. मोज्याच्या बोटास मोबाइलचा पडदा बहुधा दाद देत नाहीं; यास्तव मुठीवर मोठें बटण असलेलेंच यंत्र पसंत करावें. मुंबईच्या हवेंत लोकरी मोजे चढविलेल्या मुलास पाहून लोक हंसतील, हंसोत बापडे!

आरेंत परीक्षा होत नाहीं ती थंडीची. अशा अनेक यंत्रांच्या पुस्तिकेंत ० ते ४० अंश ही मर्यादा छापलेली असते, आणि गुलमर्गचा पारा जानेवारींत शून्याखालीं उतरतो. लिथियम बॅटरी गारठली कीं लवकर दम टाकते. यंत्र व मोबाइल कोटाच्या आंत उबेंत ठेवावे, बाहेर काढून मिनिट-दोन मिनिटांचें चित्र घ्यावें व पुन्हां आंत घालावे. वितळलेला बर्फ मोटरींत शिरूं देऊं नये. सुट्या बॅटऱ्या विमानांत हातच्या पिशवींतच न्याव्या लागतात.

शिवाय, पायथ्याशीं उभें राहून वरून येणाऱ्या धाकट्याचेंच चित्र घ्यावयाचें असेल, तर गिंबलही नको. स्कीची काठी बर्फांत रोवून तिच्या मुठीवर हात टेकला तरी चित्र पुरेसें स्थिर येतें. त्या गृहस्थांनीं प्रथम मुलांस इतकेंच करूं द्यावें. वांचलेल्या पैशांत एक बऱ्यापैकीं हेल्मेट येईल.