मिश्री सोड म्हणणं लई सोपंय

३१ मे आला की तंबाखूमुक्तीची शपथ होते, फोटो निघतात, आम्ही पत्रकार ते छापतो. मीही छापलेत. त्या फोटोत मिश्री लावणारी बाई मला एकदाही दिसली नाही.

आपल्याकडं बायका सिगारेट ओढत नाहीत, म्हणजे प्रश्न मिटला, असं आपण धरून चालतो. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत धूम्रपान करणाऱ्या बायका २ टक्के निघाल्या, पण बिनधुराचा तंबाखू वापरणाऱ्या १२.८ टक्के. आपल्याकडं तो म्हणजे मिश्री. तव्यावर तंबाखू भाजायचा, चुरायचा, दाताला लावायचा. घरच्या डबीवर ना इशारा, ना कर्करोगाचं चित्र.

कळंब तालुक्यातनं ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला विचारा, का लावते? पहाटे अंधारात उठून भाकरी थापायच्या, दिवसभर फडात वाकायचं, डोक्यावर मोळ्या वाहायच्या. मिश्रीनं भूक मरते, दाढेचा ठणका दबतो. सोडली की डोकं धरतं, चिडचिड होते, हात चालत नाही. खाडा झाला तर भरून कोण देणार? मुकादमाची उचल अंगावर असतेच.

आता उपाय बघा. १८००-११-२३५६ ही सरकारी मदतवाहिनी फुकट आहे, चांगली आहे. पण फोन नवऱ्याच्या खिशात, आणि घरात मिश्रीची डबी सासूसोबत सामाईक. दवाखान्यात या म्हणता? एसटीचं तिकीट अर्धं झालं, पण बुडणारा रोज पूर्णच बुडतो.

वर आपण म्हणायचं, 'हिच्या मनातच नाही.' २०१२ पासून राज्यात गुटखाबंदी आहे, तरी गडी चौकात पुडी फोडतोच. त्याचं ते व्यसन, अन् हिची 'घाण सवय'? हा कुठला न्याय?

मिश्री वाईटच. तोंडाचा कर्करोग होतो, गरोदर बाईच्या बाळाचं वजन घटतं. म्हणूनच म्हणतो, नुसता उपदेश बंद करा. निकोटिनच्या गोळ्या आणि दाताचा डॉक्टर गावातल्या उपकेंद्रापर्यंत आणा. आशाताईंना या कामाचा वेगळा मोबदला द्या. टोळ्या गाव सोडायच्या आधी तपासणी करा आणि कारखान्यावर गेल्यावरही औषध तुटू देऊ नका.

एवढं केल्यावरही तिनं सोडली नाही, तर मग बोला तिला. तोवर येत्या ३१ मेची शपथ तिनं नाही, आरोग्य खात्यानं आणि साखर कारखान्यांनी घ्यावी. तो फोटो मी पहिल्या पानावर छापीन.