‘धरणी’चा धडा

तेलंगण सरकारने 14 एप्रिल 2025 रोजी हैदराबादेत ‘भू भारती’ या नव्या भूमी-अभिलेख संकेतस्थळाचा प्रारंभ केला आणि साडेचार वर्षांपूर्वी मोठ्या गाजावाजाने सुरू झालेल्या ‘धरणी’ची इतिश्री झाली. एक सरकार गेले, दुसरे आले, त्याचाच हा परिणाम असे म्हणून ही घटना सोडून देणे आम्हाला इष्ट वाटत नाही. एक-चौदाच्या उताऱ्यावरील एका नावासाठी जेथे पिढ्यान्‌पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या जातात, त्या गोमंतकाने तर मुळीच सोडू नये.

या विद्येत हैदराबाद नवशिके नव्हते. 1999 साली तेथे ‘ट्विन्स’ नावाची एक लहानशी खिडकी उघडली. नागरिकाने आपली बिले एका जागी भरावीत एवढाच तिचा माफक हेतू. 2001 साली तिची ‘ई-सेवा’ झाली, 2011 साली ‘मी-सेवा’ आली. थोड्या सेवा घ्याव्यात, त्या अंगवळणी पडल्या की पुढच्या जोडाव्यात, अशी ही वाढ होती. रोप लावून झाड वाढविण्यासारखीच.

‘धरणी’ने मात्र उलटा मार्ग धरला. ऑक्टोबर 2020 मध्ये शेतजमिनीची नोंदणी आणि फेरफार हे दोन्ही व्यवहार राज्यभर एकदम तिच्यावर सोपविण्यात आले. हेतू वाईट नव्हता. खालच्या पातळीवरील चिरीमिरी थांबावी हाच होता. पण जुने अभिलेख उतरवताना राहिलेल्या चुका दुरुस्त करण्याची पुरेशी वाटच प्रारंभी ठेवलेली नव्हती. ज्याची जमीन चुकून निषिद्ध यादीत गेली, त्याला ती विकता येईना. प्रत्यक्ष कब्जेदाराचा रकानाही नाहीसा झाला. (‘पाहणी’ हा त्या मुलखातील उताऱ्याचा जुना शब्द, जमीन डोळ्यांनी पाहावी, हे त्या शब्दातच आहे!) मग तक्रारी वाढल्या तसे एकेक नवे दालन जोडले गेले. ती तीसच्या वर गेली आणि आपला अर्ज कोणत्या दालनात घालावा हेच शेतकऱ्याला उमगेनासे झाले.

वाढत्या संकेतस्थळाचे व्यवहारशास्त्र तसे अवघड नाही. कोणताही बदल आधी अभिलेखाच्या प्रतीवर तपासावा, मग एका तालुक्यात, आणि नंतरच राज्यभर लागू करावा. बिघडल्यास पूर्वस्थितीवर येण्याची सोय हाताशी असावी. नुसता उतारा पाहणाऱ्यांची गर्दी नोंदणी करणाऱ्यांच्या वाटेत येऊ नये म्हणून दोघांचे मार्ग वेगळे ठेवावेत. नाव आणि सर्व्हे क्रमांक यांची सूची नीट राखावी. ती नसली तर प्रत्येक शोधासाठी यंत्राला सारे दप्तर चाळावे लागते. राखीव प्रत अधूनमधून उघडून, तिच्यावरून दप्तर पुन्हा उभे राहते की नाही, हे पाहावे. न उघडलेल्या पेटीच्या भरवशावर दागिने मोजणारा मनुष्य शहाणा म्हणवत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जुनी नोंद पुसू नये. ती कोणी, केव्हा, कोणाच्या आदेशाने बदलली याची खूण कायम राहावी. बनावट दस्तऐवजांनी जमिनी लाटल्याच्या प्रकरणांसाठी 2022 साली विशेष तपास पथक नेमावे लागलेल्या आमच्या राज्याला या खुणेचे मोल वेगळे सांगायला नको.

या कामांना फीत कापण्याचा समारंभ नसतो, म्हणून त्यांच्यासाठी पैसाही सहसा नसतो. बांधकामाची निविदा निघते, देखभालीची आठवण ठेकेदार गेल्यावर होते. तेव्हा कळते की किल्ल्याही त्याच्याबरोबरच गेल्या! आज आखातात वा पोर्तुगालमध्ये बसलेला गोमंतकीय आपल्या वडिलोपार्जित भाटाचा उतारा घरबसल्या पाहतो. त्यात एके सकाळी कुळाच्या रकान्यातले नाव गळाले, तर त्याने किंवा त्या कुळाने कोणाकडे जावे? मामलेदाराला अशी उघड चूक दुरुस्त करण्याचा अधिकार आणि त्यासाठी बांधलेली मुदत आहे काय, आणि अर्थसंकल्पात या संकेतस्थळांच्या देखभालीची तरतूद किती, हे दोन प्रश्न आमच्या आमदारांनी येत्या अधिवेशनात विचारावेत.