राजहऱ्याचा डोंगर आणि आपले रूळ

आपण ज्या रुळांवरून गाड्या चालवतो ते येतात कोठून, हा प्रश्न आपल्या सभांमध्ये सहसा निघत नाही. महागाई भत्ता, पेन्शन, रिकाम्या जागा हे विषय निघतात आणि ते निघालेच पाहिजेत. परंतु रायपूरला राहून काम करणाऱ्या आम्हांला हा प्रश्न टाळता येत नाही, कारण तो डोंगर आमच्या शेजारीच आहे.

सोव्हिएत रशियाच्या मदतीने उभारलेल्या भिलाई कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. देशातील रेल्वेचे रूळ मुख्यतः तेथेच तयार होतात आणि त्यासाठी लागणारे लोहखनिज इतकी वर्षे दल्ली-राजहऱ्याहून येत आले. साधा हिशेब करून पाहा. आजचा रूळ मीटरला ६० किलोचा. दोन्ही बाजू धरल्या तर एका किलोमीटरला १२० टन पोलाद. एका टन पोलादाला दीड टनाच्या आसपास खनिज. म्हणजे एक किलोमीटर लाईन टाकली की तीन बॉक्सन वॅगन भरतील एवढा डोंगर गेला. कोळसा, चुनखडी आणि पाणी वेगळेच.

तो डोंगर आता संपत आला आहे. राजहऱ्याचे चांगले खनिज ओसरले म्हणूनच तेथून रावघाटकडे ९५ किलोमीटरची नवी लाईन हाती घेण्यात आली. २०२२ साली अंतागढपर्यंत प्रवासी गाडी पोहोचली. तेथील आदिवासी माणसाला गाडी मिळाली याचा आम्हांला आनंदच आहे. पण लाईन त्याच्यासाठी टाकलेली नाही, खनिजासाठी टाकली आहे, हे आपण एकमेकांपासून तरी लपवू नये. उद्या रावघाटचाही राजहरा झाला, की लाईन पुढे कोठे न्यायची?

मालाची वाहतूक आहे म्हणून आपला पगार आहे, असे कोणी म्हणेल. खरे आहे. आमचा बिलासपूर झोन कोळसा आणि खनिजावरच चालतो. डिझेल इंजिने मागे पडली, वीज आली. पण ही वीजही बहुतांशी कोरबा-सिपतकडच्या कोळशाचीच. २०२२ च्या उन्हाळ्यात कोळशाच्या रेकना वाट मोकळी करून देण्यासाठी आमच्याकडील कितीतरी प्रवासी गाड्या रद्द झाल्या. त्याच वर्षी २६ जुलैला छत्तीसगड विधानसभेने हसदेव अरण्यातील कोळसा खाणींविरुद्ध एकमताने ठराव केला. तरीही २०२३ च्या डिसेंबरात तेथे झाडे पडली. विधानसभेच्या ठरावाची ही गत, तर युनियनच्या ठरावाला कोण विचारतो, असे म्हणून गप्प बसणारे आपल्यातही आहेत. आम्ही त्यांच्यातले नाही.

याच राजहऱ्यात शंकर गुहा नियोगी यांनी खाण कामगारांची संघटना बांधली. पुढे त्यांच्या चळवळीने कामगारांचा लाल आणि शेतकऱ्यांचा हिरवा असे दोन्ही रंग एकाच झेंड्यात घेतले. पूर्ण यंत्रीकरणाने हजारो हात रिकामे होतील हे ओळखून त्यांनी अर्ध-यंत्रीकरणाचा पर्याय मांडला. कामगारांच्या पैशांतून आणि श्रमांतून १९८३ साली शहीद रुग्णालय उभे राहिले. आपले जंगल ओळखा, असे ते खाणीतल्या माणसाला सांगत. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईत झोपेतच त्यांची हत्या झाली. त्यांची सगळी मते सर्वांना पटतील असे नाही. पण मजुरी आणि जंगल हे एकाच मागणीपत्राचे विषय आहेत, ही गोष्ट त्यांनी आपल्या पुष्कळ आधी ओळखली होती.

आता आपल्या हातात काय आहे? कोळशाचा रेक अडवणे नाही. पण पोलाद ही अशी वस्तू आहे की ती वितळवून पुन्हा वापरता येते. मेन लाईनचा काढलेला रूळ सायडिंगला टाकायचा, ही पी-वेची जुनी रीत. टपाल बांधवांना कॅनव्हासची थैली ठाऊक आहेच. ती रिकामी झाली की फेकली जात नसे, पुन्हा फेऱ्या करी. हीच काटकसर आज मोठ्या प्रमाणावर हवी. कोणत्याही यार्डाच्या कडेला गवतात पाहा: फिशप्लेटा, चाव्या, क्लिपा, रुळांचे तुकडे गंजत पडलेले दिसतील. हे भंगार वेळेवर भट्टीत गेले तर तेवढे खनिज आणि बराचसा कोळसा जमिनीतच राहील. मात्र ते गोळा करायला माणसे लागतात, आणि गँगमधील जागा रिकाम्या आहेत. म्हणून जागा भरण्याची आपली जुनी मागणी आणि डोंगर वाचवण्याची ही नवी मागणी एकत्रच मांडावी, असे आमचे मत आहे.

प्रत्येक शाखेने आपापल्या सेक्शनमध्ये रुळांलगत पडलेल्या मालाची अंदाजे यादी करावी, तेथील गँगमधील मंजूर आणि रिकाम्या जागांचा आकडा तिच्याशेजारी लिहावा आणि पुढच्या बैठकीआधी ती केंद्रीय कार्यालयाकडे पाठवावी.