शाल, श्रीफळ आणि शेवटची पाच मिनिटं

आपल्याकडे लेखकाचा कार्यक्रम सहाचा असला की साडेसहाला सुरू होतो. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, परिचय, शाल, श्रीफळ आणि मग ज्यांची नावं घ्यायची राहिली त्यांची नावं. पाहुणा बोलायला उभा राहतो तेव्हा मागच्या रांगा चुळबुळायला लागलेल्या असतात. त्याचं पुस्तक वाचून आलेली एखादी कॉलेजातली मुलगी वहीत तीन प्रश्न लिहून बसलेली असते. ‘वेळेअभावी एकच प्रश्न घेऊ या’, असं निवेदक म्हणतो आणि माईक जातो एका माजी पदाधिकाऱ्यांकडे. ते प्रश्न विचारत नाहीत, छोटंसं भाषण करतात.

हे सगळं आता जास्तच खटकतं, त्याला कारण पणजी. मध्यंतरी तिथे पाटोवरच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात एका लेखिकेला ऐकलं. संस्था १८३२ सालची, म्हणजे पोर्तुगीज अमदानीतली. नाव मात्र सोळाव्या शतकात कृष्णकथा लिहिणाऱ्या कृष्णदास शामाचं. इमारत अलीकडची, प्रशस्त. जवळच ओरेंची खाडी आणि खाडीपलीकडे फोंतेन्हासची रंगीत जुनी घरं. लेखिका वीसेक मिनिटं बोलली, उरलेला वेळ वाचकांचा. एक आजोबा उठून म्हणाले, ‘तुमच्या कादंबरीतला बाप मध्येच कुठे गायब होतो?’ ती क्षणभर थांबली. म्हणाली, ‘ते मलाही माहीत होतं. आजवर कुणी विचारलं नव्हतं, इतकंच.’ त्यानंतर ती जे बोलली, ते तिने तयारी करून आणलेल्या भाषणात नव्हतं.

भुसावळला आल्यावर मित्राला सांगितलं, तर तो म्हणाला, ‘भाऊ, आपल्याकडेही तापीकाठी अशी लायब्ररी पाहिजे.’ पाहिजेच. पण पणजीची खाडी भरती-ओहोटीच्या शिस्तीत राहते, आमच्या तापीचं तसं नाही. वर पूर्णा तिला मिळते, हतनूर भरतं आणि पावसाळ्यात त्याचे ४१ दरवाजे कधी किती उघडतील यावर काठच्या गावांचं लक्ष असतं. काठावर पुस्तकं ठेवायची तर पूररेषेच्या बऱ्याच वर ठेवावी लागतील. जागा, निधी, मंजुरी यात वर्षं जातील. जावोत. त्या आजोबांच्या प्रश्नाला खाडी लागली नव्हती. त्यांनी पुस्तक वाचलं होतं आणि त्यांना बोलू दिलं गेलं होतं.

आणि ऐकण्याच्या बाबतीत खानदेश काही कमी नाही. १९०७ साली जळगावात महाराष्ट्र कवी संमेलन भरलं. अध्यक्ष होते कर्नल डॉ. कीर्तिकर, वैद्यकातले आणि वनस्पतिशास्त्रातले मोठे जाणकार. त्यांच्यासमोर धरणगावात जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या पोरसवदा मुलाने कविता म्हटली. कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ म्हटलं आणि पुढे महाराष्ट्राने त्याला दुसऱ्या नावाने हाक मारली नाही. त्या दिवशी व्यासपीठ ऐकत होतं. अकरा वर्षांनी, ५ मे १९१८ रोजी, भुसावळ-जळगावच्या मधल्या भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली सापडून तो कवी गेला.

आसोद्याच्या बहिणाबाईंची गोष्ट तर निव्वळ कानांचीच. त्यांना अक्षरओळख नव्हती. जात्यावर, शेतात सुचलेल्या त्यांच्या ओव्या घरातल्यांनी ऐकल्या, उतरवून घेतल्या. म्हणून त्यांच्या निधनानंतर, १९५२ मध्ये, त्यांचं पुस्तक निघालं आणि अत्र्यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. कुणी ऐकलं नसतं तर ते सगळं त्या घराच्या उंबऱ्यातच विरून गेलं असतं. आणि तापी ओलांडली की यावल तालुक्यातलं सांगवी, भालचंद्र नेमाड्यांचं गाव. नेमाड्यांशी वाद घालणारे वाचक १९६३ च्या ‘कोसला’पासून पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि त्या लेखनाची धार वादातही टिकून आहे.

तेव्हा इमारतीची वाट न पाहता करता येईल असं बरंच आहे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारी, अ-ब-क-ड वर्गांतली वाचनालयं जिल्ह्यात आहेत. त्यांतल्या एखाद्याने लेखक यायच्या दोन महिने आधी त्याच्या पुस्तकाच्या पाच प्रती घ्याव्यात आणि सभासदांत फिरवाव्यात. हारतुऱ्यांच्या खर्चात त्या सहज बसतील. स्टेज नको, खुर्च्या गोलात मांडाव्यात. लेखकाची वीस मिनिटं, वाचकांचा एक तास. परिचय भिंतीवर चिकटवावा, ज्याला हवा तो वाचेल.

लेखक आणायचा कसा, हा प्रश्न निदान भुसावळने विचारू नये. मुंबईहून निघालेली गाडी इथूनच अकोल्याकडे, नागपूरकडे वळते किंवा खंडव्यावरून इटारसीला जाते. मराठी लेखक आपल्या प्लॅटफॉर्मवरून कायम जात असतात, फक्त उतरत नाहीत. हिवाळ्यात बोलवा, बामणोदच्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची भाकरी खाऊ घाला, म्हणजे उतरतील. पुन्हा येतील की नाही, ते भरतावर ठरणार नाही. आपलं पुस्तक इथे कुणीतरी शेवटच्या पानापर्यंत वाचलं आहे आणि त्यातली खोट तोंडावर सांगायलाही कचरत नाही, हे कळलं की लेखक पुढच्या पुस्तकाचा कच्चा खर्डा घेऊन स्वतःच्या तिकिटाने येतो.