पाणी सोडता येत नाही, म्हणून चिकन सोडलं

जानेवारी २०२५मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेडगाव, किरकटवाडी भागात हातपाय लुळे पाडणाऱ्या गुलियन-बॅरे सिंड्रोमचे (जीबीएस) रुग्ण वाढले. काहींच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला. पहिला संशय पाण्यावर होता, तरी लोकांनी चिकन सोडलं आणि झळ आपल्या कोंबड्यांच्या शेडपर्यंत आली. तयार पक्षी मागणी परतेपर्यंत थांबत नाही. तो खाद्य खात राहतो, खाद्याचं वजनाशी गुणोत्तर (एफसीआर) बिघडतं आणि स्वतःच्या भांडवलावर बॅच टाकणारा उत्पादक व्यापारी म्हणेल त्या दराला माल सोडतो.

ग्राहक अडाणी आहे, असं म्हणणाऱ्या सभासदांशी आम्ही सहमत नाही. पोराचे हातपाय लुळे पडतील या धास्तीने आई काहीतरी बंद करणारच. नळाचं पाणी बंद करता येत नाही, रविवारचं चिकन करता येतं. कच्चं आणि शिजवलेलं अन्न एकत्र ठेवू नका, असं आरोग्य खात्याने सांगितलं होतं. सगळ्यांत कामाची सूचना तीच होती. आपल्याकडे रस्सा खळखळ उकळतो, त्यात जंतू टिकत नाही. तो पसरतो सुरीवरून, पाटावरून, कच्चं चिकन धुताना उडालेल्या पाण्यातून. ही सूचना कुणाच्या कानावर नीट गेलीच नाही. फेब्रुवारीत तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवारांनी कोंबड्या नष्ट करण्याची गरज नाही, नीट शिजवून खा, असा खुलासा केला. हेतू चांगला होता, पण घाबरलेल्या माणसाला त्यातूनही आजार आणि कोंबडी एवढंच ऐकू आलं. सुरी आणि पाट कसा धुवायचा, हे गल्लीतल्या ओळखीच्या चिकनवाल्याने किंवा घरच्या डॉक्टरांनी सांगितलं असतं तर पटलं असतं. त्यांना हाताशी धरायचं कुणाला सुचलं नाही.

सरकारवरचा विश्वास आपल्या बाजूनेही आटला आहे. २००६मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हापासून आपण पाहतो आहोत की, या साथीत भरपाई मिळते ती सरकारने मारलेल्या पक्ष्यांची. आधीच मेलेल्यांची मिळत नाही. म्हणजे जो मरतूक पाहून थांबतो आणि चाचणीची वाट बघतो, तोच बुडतो! मग माणूस लपवतो, रात्रीत पक्षी विकतो, मेलेले ओढ्यात टाकतो. भरपाईचा हा नियम बदलाच, अशी आमची पशुसंवर्धन खात्याकडे मागणी आहे. पण ओढ्यात पक्षी टाकणाऱ्याची बाजू हे मासिक घेणार नाही. त्या ओढ्याचं पाणी खालच्या गावाच्या विहिरीत उतरतं.

मरतूक वाढली की त्याच दिवशी पशुधन विकास अधिकाऱ्यांना कळवा. मेलेले पक्षी चुना टाकून खोल पुरा. आपला माल घेणाऱ्या दुकानात वाहतं पाणी आहे का, ते स्वतः जाऊन बघा; नसेल तर नळाच्या खर्चात वाटा उचला. पुढची साथ येण्याआधी हे करा.