जुनी मढी कशाला उकरायची?

ऑस्ट्रेलिया म्हटलं की आपल्या होस्टेलमध्ये पहिला शब्द निघतो तो क्रिकेट. दुसरा कांगारू. आणि फायनल इयरला आलं की तिसरा, व्हिसा! सिडनी, मेलबर्न, पर्थ ही नावं आपल्याला स्टेडियममुळे पाठ असतात. पण तो देश खरा कळायचा असेल तर ही मोठी शहरं सोडून आतल्या छोट्या गावांचा इतिहास वाचावा, असं माझं स्पष्ट मत आहे. गेले काही महिने मी नेटवर बसून तेच करतोय. "या वाचनाचे गेटमध्ये किती मार्क मिळणार?" असं रूम पार्टनरने विचारून झालंय. मार्क शून्य. तरीही आपल्यासारख्या इंजिनिअर होऊ घातलेल्या मंडळींनी हे वाचावं असं मला का वाटतं, ते सांगतो.

ही गावं दिसायला साधारण एका साच्यातली. वस्ती हजारभर, फार तर पाच-सहा हजार. एक रुंद मुख्य रस्ता, दोन पब, पोस्ट ऑफिस, गाड्या थांबायच्या बंद झालेलं रेल्वे स्टेशन. कुठेतरी 'मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट' असं कोरलेला एक जुना हॉल. (नाव वाचून मेकॅनिकलवाल्यांनी कॉलर ताठ करू नये. कामगारांना संध्याकाळी चार पुस्तकं वाचता यावीत, व्याख्यानं ऐकता यावीत म्हणून एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमधून आलेली ही कल्पना. पुढे त्याच हॉलमध्ये नाच झाले, सभा झाल्या, सिनेमे दाखवले गेले.) आणि चौकात किंवा बागेत हमखास एक युद्धस्मारक. पहिल्या महायुद्धाच्या वेळी ऑस्ट्रेलियाची लोकसंख्या पन्नास लाखांच्याही आत होती आणि त्यातले साठ हजारांहून जास्त जण मेले. मृतदेह घरी आणायचे नाहीत असं साम्राज्याचं धोरण होतं. त्यामुळे आई-बापांना फूल वाहायला गावातला हा दगड एवढीच जागा उरली. म्हणून चिमुकल्या गावातसुद्धा त्या दगडावर नावांची रांग दिसते.

आता आपल्या विषयाचं एक उदाहरण घेऊ, आल्बरीचं. आज हे चांगलं वाढलेलं शहर आहे, पण त्याचा जुना इतिहास म्हणजे रेल्वे इंजिनिअरिंगमधला एक मोठा गोंधळ आहे. न्यू साउथ वेल्सच्या आयरिश इंजिनिअरने पाच फूट तीन इंच गेज सुचवलं, ते ठरलंही. शेजारच्या व्हिक्टोरियाने त्या हिशेबाने सामान मागवलं. तेवढ्यात हे साहेब नोकरी सोडून गेले, त्यांच्या जागी स्कॉटिश इंजिनिअर आला, आणि त्याने गेज बदलून चार फूट साडेआठ इंच करायला लावलं! व्हिक्टोरियाने माघार घ्यायला नकार दिला. १८८३ साली दोन्ही रेल्वे सीमेवर भेटल्या तेव्हा सिडनी-मेलबर्न प्रवास करणाऱ्या प्रत्येकाला आल्बरीला उतरून, फलाट ओलांडून दुसऱ्या गाडीत बसावं लागलं. तिथला फलाट एवढा लांबलचक का, त्याचं उत्तर हे. १८९५ मध्ये मार्क ट्वेन तिथून गेला आणि त्याने या कारभाराची यथेच्छ टिंगल केली. दुसऱ्या महायुद्धात युद्धाचा माल इथेच एका डब्यातून दुसऱ्यात हलवावा लागला. प्रवाशांची ही उठाठेव १९६२ मध्ये थांबली. म्हणजे दोन इंजिनिअरांच्या मतभेदाचं ओझं जवळजवळ ऐंशी वर्षं वाहिलं गेलं! आपल्या पुस्तकात 'ब्रेक ऑफ गेज' दोन ओळींत उरकतं. त्या दोन ओळींत किती पाठी वाकल्या, हे गावाच्या इतिहासातच कळतं.

इथपर्यंत सगळं गमतीचं आहे. पण गाव वाचायला लागलं की गमतीचं संपतं आणि अडचणीचं सुरू होतं. कूटामंड्रा घ्या. २७ ऑगस्ट १९०८ रोजी सर डॉन ब्रॅडमन इथे जन्मले. ते जन्मले ते घर गावाने जपलंय, बागेत ऑस्ट्रेलियाच्या कसोटी कर्णधारांचे अर्धपुतळे मांडलेत. खरं तर ब्रॅडमन कुटुंब तो पोरगा जेमतेम अडीच वर्षांचा असताना बावरलला गेलं, पण जन्मगाव ते जन्मगाव! आता याच गावातली दुसरी इमारत. आधीचं हॉस्पिटल. तिथे १९११च्या सुमारास सरकारच्या 'अॅबोरिजिन्स प्रोटेक्शन बोर्डा'ने मुलींसाठी एक 'होम' काढलं. नाव प्रोटेक्शन, काम काय? मूळनिवासी कुटुंबांतल्या मुली आई-बापांपासून तोडून आणायच्या आणि गोऱ्यांच्या घरी मोलकरीण म्हणून कामाला लावण्यासाठी तयार करायच्या. हे १९६० च्या दशकाच्या अखेरपर्यंत चाललं. ब्रॅडमनची पूर्ण कारकीर्द, ती ९९.९४ ची सरासरी, आणि पुढची वीस वर्षं, एवढा काळ! दोन्ही वास्तू एकाच गावात. ब्रॅडमनच्या घराबद्दल आपण सगळ्यांनी ऐकलंय. दुसरीबद्दल किती जणांनी?

इथे हमखास एक आक्षेप येतो, आणि आमच्या कट्ट्यावरही आला. "झालं गेलं. आता जुनी मढी कशाला उकरायची? आजच्या लोकांचा त्यात काय दोष?" प्रश्न फालतू नाही. छोट्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, ज्याच्या पणजोबाचं नाव निघेल तो रोज बेकरीत भेटतो. त्यामुळे तिथे हा प्रश्न जास्तच टोचतो. त्याचं उत्तर मला बिंगारा नावाच्या गावाच्या इतिहासात सापडलं.

बिंगारा न्यू साउथ वेल्सच्या उत्तरेला आहे, वस्ती हजाराच्या आसपास. गावापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर मायल क्रीक. १० जून १८३८ रोजी तिथल्या गुरांच्या वाडीवर बारा घोडेस्वार आले. वाडीवर विरयाराय लोक काही आठवडे शांतपणे राहत होते. तरुण पुरुष त्या दिवशी शेजारच्या वाडीवर कामाला गेलेले, मागे राहिलेल्या बायका, पोरं, म्हातारे. त्यांना दोरीने बांधून नेलं आणि मारलं. किमान २८ माणसं. नंतर प्रेतं जाळली. अशी हत्याकांडं त्या काळात इतरत्रही होत होती. मायल क्रीकचं वेगळेपण पुढे आहे. वाडीचा व्यवस्थापक विल्यम हॉब्ज परत आला, त्याने पाहिलं आणि वर कळवलं. वाडीवरचा कैदी नोकर जॉर्ज अँडरसन याने कोर्टात साक्ष दिली. मूळनिवासी साक्षीदाराची साक्ष तर कायद्याने चालतच नव्हती. पहिल्या खटल्यात ज्यूरीने पंधरा-वीस मिनिटांत अकराही आरोपी सोडून दिले. सरकारी वकील प्लंकेट यांनी त्यातल्या सात जणांवर पुन्हा खटला उभा केला आणि १८ डिसेंबर १८३८ रोजी ते सात जण फासावर गेले. टोळीतला बारावा, जॉन फ्लेमिंग, कधीच सापडला नाही. तो एकटाच जन्माने स्वतंत्र, बाकी सगळे शिक्षा होऊन तिकडे पाठवलेले कैदी किंवा माजी कैदी! यावर वेगळं भाष्य नको.

पुढे जवळजवळ सव्वाशे वर्षं या जागेवर काहीही खूण नव्हती. १९६० च्या दशकात लेन पेन नावाच्या बिंगाराच्याच माणसाने स्मारकाची कल्पना मांडली, तेव्हा गावातून विरोध झाला. कारण तेच, मढी उकरू नका. अखेर १० जून २००० रोजी स्मारक उभं राहिलं. टेकडीवर एक मोठा दगड, तिथवर जाणारी पायवाट, वाटेत सात फलक, मजकूर इंग्रजीत आणि गमिलराय भाषेत. आणि ते उभं केलं कोणी? मारले गेलेल्यांच्या वंशजांनी आणि मारणाऱ्यांच्या वंशजांनी मिळून. २००५ मध्ये कुणीतरी फलकांची मोडतोड केली. कोणते शब्द ठेचले माहितेय? 'खून', 'बायका' आणि 'मुलं'. म्हणजे मढं शांत झोपलेलं नव्हतंच, शब्द वाचून कुणाला तरी अजून त्रास होत होता. फलक दुरुस्त झाले, दरवर्षी जूनमध्ये लोक तिथे जमतात. २००८ मध्ये ही जागा राष्ट्रीय वारसा यादीत गेली. आणि १८३८ मध्ये आरोपींची बाजू उचलून धरणारं 'सिडनी हेरल्ड', म्हणजे आजचं 'सिडनी मॉर्निंग हेरल्ड', त्याने जून २०२३ मध्ये आपल्या त्या वेळच्या लिखाणाबद्दल जाहीर माफी मागितली. १८५ वर्षांनी!

आता याच बिंगाराचा मुख्य रस्ता बघा. दुतर्फा संत्र्यांची झाडं. ती युद्धात गेलेल्या गावकऱ्यांच्या आठवणीसाठी लावलीत. ठरलेल्या दिवसापर्यंत एकही फळ कुणी तोडत नाही, मग गावातली मुलं मिळून ती उतरवतात. (आपल्या कॅम्पसमधल्या पेरूंचं काय होतं, ते सर्वांना ठाऊक आहे.) त्याच गावात 'रॉक्सी' नावाचं १९३६ चं थिएटर आहे. ग्रीसमधून आलेल्या तीन भागीदारांनी हौसेने बांधलं, त्यांना ते झेपलं नाही, १९५८ मध्ये बंद पडलं. गावाने ते दुरुस्त करून २००४ मध्ये पुन्हा उघडलं. म्हणजे सैनिकांची झाडं, परदेशातून आलेल्यांचं थिएटर आणि मायल क्रीकचा दगड, तिन्ही आहेत. गाव त्यामुळे बुडालं नाही. कुणाला शिव्याही घालाव्या लागल्या नाहीत. जमाखर्चाच्या वहीत जमेची बाजू होतीच, खर्चाची भरली एवढंच.

आणि अशी दडलेली पानं काही आपल्यापासून अगदी लांब नाहीत. वाळवंटातल्या वसाहतींना अन्न, तारांचं सामान, रुळांचे स्लीपर पोचवले ते उंटांच्या काफिल्यांनी. १८६० पासून हे उंट आणि त्यांचे हाके कराचीहून जहाजाने गेले. तेव्हा कराची मुंबई इलाख्यात होती! ही माणसं बलुच, पठाण, सिंधी, पंजाबी, पण तिकडे सरसकट सगळ्यांचं नाव पडलं 'अफगाण'. ब्रोकन हिल गावात त्यांची पत्र्याची छोटी मशीद अजून उभी आहे आणि ती जपली आहे तिथल्या स्थानिक इतिहास मंडळाने. अशी मंडळं गावोगाव आहेत. बहुतेक ठिकाणी चार निवृत्त माणसं, एखादी जुनी शाळा किंवा कोर्टाची इमारत, आठवड्यातून एक-दोन दिवस उघडं. पगार नाही. ही माणसं गेली की त्यांच्या कपाटातल्या वह्यांचं काय होणार, ही मला खरी काळजी वाटते.

दिलासा देणारी गोष्ट म्हणजे 'ट्रोव्ह'. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुनी वर्तमानपत्रं स्कॅन करून सर्वांना फुकट खुली केलीत, अगदी १८०३ पासूनची. त्यात छोट्या गावांची पत्रंही आहेत. मशीनने वाचलेल्या मजकुरात चुका राहतातच, त्या वाचक स्वतः दुरुस्त करतात, कुणीही करू शकतं. मीही थोड्या ओळी केल्यात, सबमिशन लिहिण्यापेक्षा मजा येते. पण हीसुद्धा आपोआप चालणारी गोष्ट नाही. २०२३ च्या सुरुवातीला पैशाअभावी ट्रोव्ह बंद पडायची वेळ आली होती. लोकांनी आवाज उठवला आणि एप्रिलमध्ये सरकारने चार वर्षांसाठी ३ कोटी ३० लाख डॉलर जाहीर केले.

आता परत त्या मढ्यांकडे. १५ ऑक्टोबर १९७० रोजी मेलबर्नचा वेस्ट गेट पूल बांधकाम चालू असताना कोसळला आणि ३५ कामगार मेले. त्या पुलाचे वाकलेले पोलादी तुकडे मोनॅश विद्यापीठात इंजिनिअरिंगच्या इमारतींजवळ मुद्दाम ठेवलेत. का? तर रोज तिथून जाणाऱ्या विद्यार्थ्यांना दिसावेत म्हणून. ते बघून कुणी म्हणत नाही की आजच्या विद्यार्थ्यांचा यात काय दोष. दोष त्यांचा नाहीच, पण पुढचा पूल त्यांना बांधायचाय. फेल्युअर अॅनालिसिस आपण शिकतो ते कुणाला फाशी द्यायला नाही. मग पुलाला जो न्याय, तोच गावाला का नको? कूटामंड्राचं ते 'होम' म्हणजेही एक फेल्युअरच आहे आणि ते कुठल्या तरी ऑफिसात, कायद्याच्या चौकटीत बसवून, सह्या-शिक्क्यांनिशी डिझाईन झालं होतं.

आपल्यातले बरेच जण उद्या मेलबर्न-सिडनीला शिकायला जातील. जा, ऑपेरा हाऊससमोर फोटोही काढा. पण एखाद्या लाँग वीकएंडला हायवे सोडून आतल्या एका गावात उतरा. स्मारकावरची नावं वाचा, स्मशानात चक्कर मारा, इतिहास मंडळाचं दार उघडं असेल तर आत जाऊन बसा. आणि तिथल्या आजोबांना एक प्रश्न नक्की विचारा, की हे गाव वसायच्या आधी इथे कोण राहत होतं आणि त्यांचं पुढे काय झालं. आजोबा बोलायला लागले तर शेवटची बस चुकेल, तेव्हा परतीची वेळ आधी बघून ठेवा.