मागच्या सीटवरूनही कळतं!

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. लोहा तालुक्यातल्या एका गावात आमच्या बचत गटाची बैठक होती. एका मैत्रिणीने दोन हजार रुपये कर्ज मागितलं. कशाला, तर नवऱ्याच्या मोटारसायकलच्या क्लचप्लेट गेल्या म्हणून. तो रोज पहाटे दुधाचे कॅन लावून नांदेडला जातो. “गाडी वढंनाच झालीय ताई, गॅरेजवाला म्हणतोय प्लेटी टाकाव्या लागतेत,” एवढंच तिला ठाऊक.

आम्ही बाराजणी होतो. शेळीसाठी कुणी कर्ज मागितलं तर आम्ही तिचे दात, वय, वेत सगळं विचारतो. या वेळी एकीनेही प्रश्न विचारला नाही. मी बी.ए. झालेली, पण मीही मान डोलावून सही केली.

प्लेट बदलल्या आणि आठवड्यात पुन्हा तेच! दुसऱ्या मिस्त्रीने पाहिलं, तर क्लचची वायर जास्त ताणलेली. त्याने पाच मिनिटांत ती सैल केली. आधीच्या प्लेट खरंच गेल्या होत्या का? आता कोण सांगणार! त्या गॅरेजमध्येच राहिल्या. हप्ते मात्र तिने दहा महिने फेडले.

ही चुटपुट मनात होती. महालक्ष्म्यांना लातूरला गेले, तेव्हा धाकट्या दिरांना गाठलं. त्यांचं आयुष्य गाड्या दुरुस्त करण्यात गेलंय. म्हटलं, “भाऊजी, क्लच गेला हे ओळखायचं कसं, मला समजावून सांगा.” ते हसले. म्हणाले, “वहिनी, मिक्सरची मोटर घूं घूं करते पण भांड्यातलं पातं फिरत नाही, तेव्हा तुम्ही काय म्हणता?” मी म्हटलं, “कपलर गेला.” “मग तुम्हाला निम्मं येतंय की!”

खरंच की! इंजिनाची ताकद चाकाकडे पोचवणारी किंवा तोडणारी पकड म्हणजे क्लच. आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींत त्याच्या चकत्या एकावर एक रचलेल्या, स्प्रिंगने दाबलेल्या आणि इंजिन ऑइलमध्ये भिजलेल्या असतात. त्या झिजल्या की एकमेकींवरून घसरतात. म्हणजे ॲक्सिलरेटर पिळला की इंजिनाचा आवाज चढतो, पण गाडी त्या मानाने पळत नाही. चढावर, डबलसीट असताना किंवा वरच्या गिअरमध्ये हे लवकर लक्षात येतं. कधी जळका वास येतो, पेट्रोलही जास्त लागतं.

आणि मैत्रिणींनो, हे मागच्या सीटवर बसून छान कळतं. आवाज वाढला की आपल्याला मागे खेचल्यासारखी ओढ बसायला हवी. आवाज नुसताच वाढला आणि ओढ बसली नाही, तर क्लच घसरतोय. आवाजही वाढत नसेल आणि गाडीही उचलत नसेल, तर दुखणं बहुधा दुसरीकडे आहे. एअर फिल्टर, प्लग किंवा जाम झालेला ब्रेक आधी पाहावा.

पण घसरतोय म्हणजे लगेच प्लेट गेल्या असंही नाही. आधी दोन गोष्टी बघायच्या. पहिली, क्लचची दांडी. दाबायला लागलं की टोकाशी साधारण १० ते २० मिलिमीटर, म्हणजे बोटाच्या जाडीएवढी, ती मोकळी हलली पाहिजे. तेवढी ढील नसेल, तर क्लच कायम थोडा दाबलेलाच राहतो आणि चांगल्या प्लेटही घसरतात. तसंच चालवत राहिलं तर त्या खरोखर जळतात. दुसरी गोष्ट ऑइल. कारचं ऑइल मोटारसायकलमध्ये ओतलं तर क्लच घसरू शकतो. मोटारसायकलच्या ऑइलच्या डब्यावर ‘जेएएसओ एमए’ ही इंग्रजी अक्षरं बघून घ्यावीत.

गिअर अडतो, न्यूट्रल सापडत नाही, क्लच दाबला तरी गाडी पुढे सरकते, ही तक्रार उलटी आहे. तिथे पकड सुटत नसते. वायर फार सैल झालीय का ते आधी तपासावं.

एवढं करूनही गाडी घसरली, तर मग क्लच उघडायचा. प्लेटची जाडी मोजायची आणि कंपनीने दिलेल्या मर्यादेशी ताडायची. पोलादी चकत्या निळ्या पडल्यात का, वाकल्यात का, स्प्रिंग बसल्यात का तेही बघायचं. जुन्या प्लेट परत मागायच्या, पक्की पावती घ्यायची. पैसे देऊन घेतलेली सेवा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात येते आणि जिल्हा ग्राहक आयोग नांदेडलाही आहे, लातूरलाही.

सगळेच मिस्त्री फसवतात असं मला म्हणायचं नाही. आपण गाडीचे हालही करतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तो उन्हाळा आठवा. घराघरातली मोटारसायकल पाण्याचे कॅन वाहत होती. एवढं ओझं आणि त्यात अर्धा क्लच दाबून चालवायची सवय, मग प्लेट झिजणारच. ही सवय मोडली तर क्लच पुष्कळ टिकतो.

“बायकांना काय करायचंय गाडीचं?” असं अजूनही ऐकावं लागतं. पण गाडीचा हप्ता घरखर्चातून जातो, दुरुस्तीचं कर्ज गटातून निघतं आणि गाडी बंद पडली तर दूध घरात नासतं. हे सगळं आपल्या पदरात पडतं, तर प्रश्न विचारायचा हक्क आपला का नाही? पाना हातात घ्यायलाच हवा असं नाही. “आधी वायर बघितली का?” एवढं विचारलं तरी समोरचा दोनदा विचार करतो.

आमच्या गटात आता नियम झालाय. गाडीसाठी कर्ज हवं असेल तर आधी ढील बघायची, ऑइल विचारायचं आणि एक चक्कर मागे बसून मारायची. परवा ती दूधवाली मैत्रीण दुसऱ्या एकीला ठसक्यात विचारत होती, “आवाज चढतोय की गाडी बी वढतीय? आधी ते सांग!” माझी सही त्यानंतर.